आत्याबाईंनी निवडलेली गड्डी

देवासला आमच्या घराच्या पुढच्या खोलीत माझं शिलाईचं दुकान आहे. दोन मशिनी, एक मोठं कटिंगचं टेबल, उभा आरसा, आणि मापं घ्यायला पडद्याआडची जागा. दारात उभं राहिलं की माताजींची टेकडी दिसते. दर्शन घेऊन उतरलेल्या बायका कपाळावरचं कुंकू तसंच घेऊन माझ्याकडे येतात आणि मापं देता देता बोलत बसतात. बाईच्या अंगाला टेप लावला की ती बोलायला लागते असं आई म्हणायची, आणि ते खरंच आहे.

मी मूळची धारची. शिवणकाम आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. दरबाराबरोबर महाराष्ट्रातून जे लोक इकडे आले त्यांत आमचेही कोणी अंगरखे शिवणारे होते, याहून जास्त आम्हांला कोणाला ठाऊक नाही. शाळा हिंदीतून झाली. मराठी मिळाली ती घरात, देवापुढे आणि भांडणांत.

भविष्य बघायचे टॅरोचे पत्ते मी पहिल्यांदा पाहिले ते माझ्याच टेबलावर. इंदूरला शिकणारी एक मुलगी लग्नाचा लेहंगा घालून बघायला आली होती. चोळीची बाही दंडात आवळत होती, म्हणून मी ती उसवायला घेतली. तोवर बसून काय करायचं, म्हणून तिनं पर्समधून पत्त्यांची गड्डी काढली आणि टेबलावर पसरली. "दीदी, एक उठाओ," म्हणाली. मी हातातली कात्री खाली ठेवली.

भविष्याशी मला काही देणंघेणं नव्हतं. मला कपडे दिसले. एक पोरगा कड्याच्या टोकाशी उभा होता, त्याच्या बाह्या कोपरापासून खाली अशा मोकळ्या सोडलेल्या की आतलं लाल अस्तर दिसत होतं. एक राणी उशांना टेकून बसलेली, तिच्या सैल झग्यावर डाळिंबं छापलेली. आणखी एका बाईच्या निळ्या झग्याचा घेर पायांशी येता येता पाणीच होऊन गेलेला. हे शिवायचं तर कापड आडवं धरायचं की तिरपं, हाच विचार माझ्या डोक्यात. ती मुलगी काय सांगत होती त्यातलं एक अक्षर मी ऐकलं नाही. ती गेल्यावर मात्र दिवसभर ती चित्रं डोळ्यांपुढून हलेनात.

मग मी मोबाइलवरून एक गड्डी मागवली. ती आली ती नकली. रंग एकमेकांत उतरलेले, पत्ते एकमेकांना चिकटलेले, राजाचा चेहरा जागेवरून सरकलेला. परत पाठवली आणि नीट चौकशी करून दुसरी आणली, सगळीकडे चालते ती जुन्या धाटणीची. नवी गड्डी सॅटिनसारखी हातातून निसटते. पिसता पिसता चार पत्ते तरी मशिनीखाली जायचे. बरोबरची पुस्तिका इंग्रजीत. मी एकेक ओळ मोबाइलवर हिंदीत करून वाचायची, आणि ती हिंदी अशी निघायची की हसू यावं. तरी हळूहळू समजत गेलं. पत्त्यांचे चार गट: पेले मनाचे, तलवारी डोक्याच्या, काठ्या कामाच्या, नाणी घरसंसाराची.

एक गोष्ट खटकत होती. प्रत्येक पत्त्याला चारी बाजूंनी पांढरी किनार होती. चित्र खिडकीआड ठेवल्यासारखं वाटायचं. एका दुपारी गिऱ्हाईक नव्हतं, तेव्हा मी कटिंगची पट्टी लावली, धारदार कात्री घेतली आणि सगळ्या गड्डीची किनार कापून टाकली. कोपरे गोल केले. नवरा आत जेवत होता, तो बाहेर येऊन बघत राहिला.

"एवढी महागाची वस्तू आणलीस आणि कापतेस?"

"फिटिंग करतेय," मी म्हटलं.

कापल्यावर ती गड्डी माझी झाली. हातात मावायला लागली. माणसं पत्त्याच्या अगदी कडेपर्यंत आली, जवळ आल्यासारखी.

त्यानंतर नादच लागला म्हणायचा. एक गड्डी आणली तीत माणसंच नाहीत, सगळी जनावरं: कोल्हा, घुबड, हरिण. दुसरी काळी कुळकुळीत, वर सोन्याच्या बारीक रेघांनी चित्रं. तिसरी पाण्याच्या रंगांतली, फिकी, तिच्यात लोकांना चेहरेच काढलेले नव्हते. मला जाणून घ्यायचं होतं की एकच प्रश्न वेगवेगळ्या गड्ड्यांना विचारला तर उत्तर बदलतं का. करून पाहिलं. उत्तराचं सांगता येत नाही, पण विचारणारी बाई बदलते. काळ्या गड्डीपुढे बायका आवाज खाली आणून बोलतात. जनावरांच्या गड्डीपुढे हसतात आणि मग एकदम खरं बोलून जातात. चेहरे नसलेली गड्डी मला आवडायची, पण तिच्यापुढे बहुतेकजणी गप्प बसायच्या. बघायला कोणी नाही, तर बोलायचं कोणाशी, असं काहीसं असावं.

म्हणून मी चारही गड्ड्या टेबलावर ठेवायची आणि म्हणायची, तुम्हीच निवडा. कापडाचे तागे दाखवतात तशी.

पुस्तिकेत लिहिलेलं आणि बाईला दिसलेलं, यांचा मेळ क्वचितच बसायचा. सोनकच्छहून एक बाई येते, मंडीच्या दिवशी नवऱ्याबरोबर. तो धान्य विकेपर्यंत ती माझ्याकडे बसते. तिच्या वाट्याला दहा काठ्यांचा पत्ता आला. एक माणूस काठ्यांचा भारा दोन्ही हातांनी कवटाळून वाकून चाललाय. पुस्तिका म्हणते, अंगावर फार जबाबदाऱ्या घेतल्यात. मी सांगायला तोंड उघडलं, तर ती पत्ता हातात घेऊन म्हणाली, "यो तो म्हारो जेठ है." आणि तिच्या मोठ्या दिरानं तूर काढल्यावर सगळ्या तुरकाट्या एकट्यानं कशा घरी वाहून आणल्या, कोणाला हात लावू दिला नाही, आणि मग महिनाभर कंबर धरून सगळ्यांना कसं बोलत बसला, हे सांगायला लागली. सांगता सांगता तिच्या लक्षात आलं की तो रागावलेला नव्हता, त्याला कोणी विचारावं एवढंच पाहिजे होतं. "घरे जईने पूछूंगी," म्हणाली. मी एक शब्द बोलले नव्हते.

मी काही गोष्टी ठरवून टाकल्या होत्या. दुखण्याखुपण्याचं बघायचं नाही, कोर्टाच्या तारखेचं बघायचं नाही, कोण कधी जाणार हे तर नाहीच. दक्षिणा घ्यायची नाही. आणि प्रश्न मोठ्यानं सांगायचा, कारण प्रश्नच ठाऊक नसेल तर मी सांगू काय? हा शेवटचा नियम माझ्या आत्याबाईंनी मोडला.

आत्याबाई म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. वय सत्तरीच्या पुढे. लग्नानंतर थोड्याच वर्षांत नवरा गेला, मूलबाळ नव्हतं, म्हणून माहेरी धारला परत आल्या. अंगणवाड्या तपासायची नोकरी लागली. धार ते कुक्षी त्या पट्ट्यातली गावं त्यांनी बसनं पालथी घातली. निवृत्त झाल्यावर घराच्या खालच्या मजल्यावरच्या खोलीत राहतात, वर माझा दादा आणि वहिनी. आमच्याकडे आत्याला अहो-जाहो करायची रीत आहे. मीही करते, दादाही करतो, भांडतानासुद्धा.

आत्याबाई स्वतः दाणे बघायच्या. म्हणजे कोणी काही विचारायला आलं की ताटलीत गहू घ्यायचे, विचारणाऱ्यानं त्यांवर हात ठेवायचा, मग आत्याबाई डोळे मिटून चिमूटभर दाणे उचलायच्या आणि दोन-दोन करून बाजूला सारायच्या. शेवटी एक उरला तर हो, जोडी उरली तर नाही. हरवलेली म्हैस, अडलेली सोयरीक, पोराची नोकरी, सगळ्याला तेच. त्यांना माझ्या पत्त्यांचं कौतुक नव्हतं. "जुगाराची पानं," म्हणायच्या. मी धारला गेले की विचारायच्या, "अजून खेळतेस का गं ती विलायती पानं?"

दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात एका सकाळी त्या कळवल्याशिवाय देवासला आल्या. धारहून इंदूर, इंदूरहून देवास, एकट्या. हातात पिशवी, पिशवीत माझ्यासाठी मेथीची जुडी. मी घाबरले. घरात काही झालंय असं वाटलं.

"काही झालेलं नाही," त्या म्हणाल्या. "पाणी दे. आणि ती पानं काढ."

मी पाणी दिलं. त्यांनी चप्पल काढली, गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसल्या. दुकानात दुसरं कोणी नव्हतं.

"तुम्हांला काही विचारायचंय? मग दाणे का नाही टाकले?"

"स्वतःसाठी दाणे टाकायचे नसतात. बोटांना मन कळतं, आणि ती हवं तेवढंच उचलतात."

हे मला ठाऊक नव्हतं. एवढी वर्षं लोकांचे प्रश्न सोडवणाऱ्या बाईला स्वतःचा एकही प्रश्न विचारता आला नसेल, हे माझ्या कधी मनातही आलं नव्हतं. मी चारही गड्ड्या पुढे ठेवल्या.

त्यांनी घाई केली नाही. कापड घेताना करतात तसं प्रत्येक गड्डी आधी अंगठ्यानं चोळून पाहिली. जनावरांची उघडली आणि लगेच मिटली. "कोल्ह्याला माझ्या भानगडी काय ठाऊक?" काळी सोनेरी नुसती उचलून ठेवली. "ही दिवाळीच्या मिठाईच्या डब्यासारखी आहे." बिनचेहऱ्यांची मात्र बराच वेळ बघितली. "ह्यांची तोंडं कोणी नेली?" विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता बाजूला सारली. मग किनार कापलेली ती जुन्या धाटणीची हातात घेतली. तोवर तिच्या कडा मऊ पडल्या होत्या.

"ही वापरलेली आहे," म्हणाल्या. "ही दे."

"आता प्रश्न सांगा."

"प्रश्न मनात आहे."

"आत्याबाई, मोठ्यानं सांगावा लागतो. त्याशिवाय मला काय समजणार?"

"तुला कशाला समजायला पाहिजे? मला समजलं म्हणजे झालं. तू मांड."

मी मनाशी अंदाज बांधला. गुडघ्याचं ऑपरेशन असेल, किंवा दादानं खालचा मजला भाड्यानं द्यायचं पुन्हा काढलं असेल. त्यांना पत्ते पिसता येईनात, म्हणून त्यांनी गड्डी टेबलावर पसरली आणि दोन्ही हातांनी कालवली, भाकरीचं पीठ कालवावं तशी. मग तीन पत्ते काढले आणि मी एकेक उलटा केला.

पहिली तलवारीची राणी. बाजूला तोंड करून सिंहासनावर बसलेली, उजव्या हातात सरळ तलवार, डावा हात पुढे केलेला. पुस्तिकेत हिचा अर्थ विधवा बाई असा दिलाय. तो कसा सांगावा, या विचारात मी अडखळले, तेवढ्यात त्या म्हणाल्या, "ही मी."

"का बरं?"

"का म्हणजे? बघ की. एकटी बसली आहे आणि कोणाला भीत नाही." मग त्यांनी चष्मा वर केला आणि पत्ता डोळ्यांजवळ नेला. "हा हात बघ. ही समोरच्याला थांब म्हणते की ये म्हणते?"

मी तो पत्ता किती वेळा मांडला असेल, पण हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. मीही वाकून बघितलं. हात असा होता की दोन्ही म्हणता आलं असतं.

"मला नाही सांगता येत," मी म्हटलं.

"ठेव तर मग. पुढचं बघू."

दुसरा पत्ता उलटला. मृत्यूचा पत्ता. पांढऱ्या घोड्यावर काळं चिलखत घातलेला हाडांचा सांगाडा, हातात निशाण, खाली पडलेला राजा. या पत्त्याचा अर्थ खरंतर मरण असा नसतो, काहीतरी संपून नवं सुरू होणं असा असतो, हे मी प्रत्येकीला घाईघाईनं सांगते, कारण तो बघितला की बायकांचे चेहरे उतरतात. तेच आत्याबाईंना सांगायला गेले, तर त्यांनी मला हातानं थांबवलं. त्यांनी पत्त्याला नमस्कार केला होता.

"आमचा देव आला," म्हणाल्या.

"कोण देव?"

"घोडा पांढरा, हातात निशाण, समोर पिवळ्या कपड्यांतला भगत हात जोडून उभा. भंडाऱ्यानं पिवळा झालाय तो. खंडोबा नाही तर कोण?"

"अहो, पण तो सांगाडा आहे."

"असू दे. म्हातारा झाला असेल."

मला हसू आवरेना, पण त्या हसत नव्हत्या. त्या अगदी मन लावून बघत होत्या. खंडोबा आमचं कुलदैवत. लग्नकार्यात तळी भरतात, जागरण घालतात, त्याची गाणी आत्याबाईंना तोंडपाठ. थोड्या वेळानं त्या स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "म्हाळसा घरात होती तरी त्यानं बानूला आणलीच. कोण काय म्हणेल म्हणून बसला नाही." मला वाटलं, देवाची गोष्ट आठवली म्हणून सांगतायत.

तिसरा पत्ता सहा तलवारींचा. नावाडी नाव वल्हवतोय, नावेत डोक्यावरून पांघरूण घेतलेली बाई आणि तिच्याशेजारी एक लेकरू, पुढे सहा तलवारी नावेत रोवलेल्या. याचा अर्थ सरळ आहे, आणि तो सांगायला मला बरं वाटलं. "जुनं ठिकाण सोडून शांत किनाऱ्याला जायचं. प्रवास चांगला होईल."

मशिनीवर अर्धवट शिवलेला ब्लाउज होता, त्याची दोरी आत्याबाईंनी उगाच ओढून सरळ केली.

"ही बाई पाठमोरी का?"

"ती पुढे बघतेय ना. पलीकडे जायचंय तिला."

"पुढे कुठं बघते? मान खाली आहे तिची. हिला जायचं नाही. हिला कोणीतरी नेतंय." त्यांनी पत्ता खाली ठेवला आणि पहिल्या राणीच्या शेजारी सरकवला. "आणि ही बघ, ही बसल्या जागेवरून हात करते. आता समजलं. ती ये म्हणते."

"कोणाला?"

"जेवायला काय केलंयस?" त्यांनी विचारलं आणि उठून आत गेल्या.

दुपारी मेथी निवडताना मी खोदून खोदून विचारलं, पण त्यांनी दाद दिली नाही. संध्याकाळच्या बसला बसवून दिलं. बस सुटताना खिडकीतून म्हणाल्या, "तुझी पानं बरी आहेत."

पुढे दोन-तीन आठवडे गेले असतील. दादाचा फोन आला. आवाज चढलेला.

"तू आत्याबाईंना काय सांगितलंस?"

"काही नाही. का?"

"त्यांना लग्न करायचंय म्हणे. या वयात. कुक्षीच्या कोण्या कंडक्टरशी. आणि म्हणतात, तुझ्या पत्त्यांत निघालं."

मी दुसऱ्या दिवशी धार गाठली. वाटेत सारखा तोच विचार मनात येत होता की मी बोलले काय होते. मी तर जा म्हटलं होतं, आणि तेही प्रश्न न कळता.

तिथं जाऊन कळलं ते असं. त्या नोकरीत असताना धार-कुक्षी बसवर एक कंडक्टर होते. रोजचं जाणंयेणं, त्यामुळे ओळख झाली. ते मालवी बोलणारे, त्यांचं बिऱ्हाड कुक्षीला. आत्याबाईंसाठी दाराजवळची जागा राखून ठेवायचे, उशीर झाला तर ड्रायव्हरला दोन मिनिटं थांबवायचे. त्याच्यापुढे काही नव्हतं. त्यांचा संसार होता, मुली होत्या. मुली लग्न होऊन गेल्या, बायको आजारानं गेली. मग डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी धारला आले तेव्हा आत्याबाईंनी त्यांना चार दिवस डबा नेऊन दिला. बरे होऊन परत गेले आणि फोनवर म्हणाले, कुक्षीला या, माझं घर मोठं आहे, रिकामं आहे.

"म्हणजे तुम्ही जाऊ का नको, हे विचारायला आला होतात?" मी म्हटलं.

"हो. जावंसं वाटत होतं आणि जायचंही नव्हतं. ह्या खोलीत मी माझ्या हातानं सगळं लावलंय. एकदा लग्न करून दुसऱ्याच्या घरी गेले होते, ते पुरे झालं. दाणे टाकले असते तर हो आलं असतं किंवा नाही आलं असतं. तुझ्या पानांत ती बाई नावेत मान खाली घालून बसलेली दिसली. म्हटलं, त्यालाच येऊ दे की."

"आणि लग्न?"

"लग्न कोण म्हणतंय? मला लग्न नको. सोबत पाहिजे. लग्नाचं तुझ्या दादानंच डोक्यात घेतलंय."

दादा वरून खाली आला होता. तो दारातच उभा राहिला. "मी डोक्यात घेतलंय? काल तुम्हीच म्हणालात की ते इथे राहायला येणार."

"राहायला येणार म्हटलं. लग्न करणार म्हटलं नाही."

दादाचा चेहरा बघण्यासारखा झाला. सकाळपासून तो या लग्नाच्या विरुद्ध बोलत होता. ते आपल्यातले नाहीत, वय काय, लोक काय म्हणतील, दोन्हीकडचे नातेवाईक तोंड फिरवतील. आता त्याच्या ध्यानात आलं की लग्नाशिवाय ते त्याच्या घराच्या खालच्या मजल्यावर राहणार आहेत.

"हे नाही चालायचं," तो म्हणाला. "राहायचं तर रीतसर लग्न करून राहा."

"म्हणजे तू लावून देतोस?"

दादानं माझ्याकडे बघितलं. मी खिडकीबाहेर बघितलं. वहिनीनं जिन्यातून विचारलं की चहा किती जणांचा टाकू.

त्या दिवशी काही ठरलं नाही. दादा पंधरा-वीस दिवस आत्याबाईंशी कामापुरतंच बोलत होता. पण तो विषय त्याला सोडवेना. फोनवर मला म्हणायचा, "तू समजाव त्यांना. देवळात हार तरी घाला म्हणावं." मी म्हणायची, "दादा, तू तर नको म्हणत होतास." तो म्हणायचा, "नकोच आहे. पण करायचं तर नीट करायचं." एकदा स्वतः कुक्षीला जाऊन आला. सांगून गेला होता की त्या माणसाला चार गोष्टी सुनावणार आहे. आला तो त्यांच्या शेतातले पेरू घेऊन. "माणूस साधा आहे," एवढंच म्हणाला. "मुलींना विचारलंय त्यांनी. त्यांची हरकत नाही."

आत्याबाई शेवटी कबूल झाल्या, त्या दादासाठी. "पोराचा जीव टांगणीला लागलाय, होऊ दे त्याच्या मनासारखं," म्हणाल्या. अट एकच. कुक्षीला नांदायला जाणार नाही, ते धारला येतील. त्यांनी आधीच मान्य केलं होतं.

ब्लाउज मी शिवला. साडी आत्याबाईंनी अबोली रंगाची घेतली, बारीक काठाची. मापं घेताना त्यांच्या दंडाला टेप लावला, तेव्हा मी विचारून घेतलं, "मृत्यूचा पत्ता तुम्हांला खरंच खंडोबा वाटला की माझी गंमत केलीत?"

"तुला तो काय वाटतो?"

"पुस्तिकेत लिहिलंय ते."

"आणि तुझ्या डोळ्यांना?"

मी विचार केला. माझ्या डोळ्यांना आजवर त्यात घोड्याचा साज दिसला होता, निशाणाचं कापड दिसलं होतं, आणि पुढे गुडघ्यांवर बसलेल्या मुलीच्या केसांतली फुलं. सांगाड्याकडे मी कधी नीट बघितलंच नव्हतं. दर वेळी घाईनं त्याचा अर्थ सांगून पत्ता उलटा घालत आले होते. हे मी त्यांना सांगितलं.

"मग बघ एकदा," त्या म्हणाल्या. "आणि बाही कोपरापर्यंत घे. मला उघडे दंड आवडत नाहीत."

हार देवीच्या देवळात घातले, धारलाच. दहा-पंधरा माणसं होती. दादानं पुढे होऊन सगळं केलं, भटजींना दोनदा घड्याळ दाखवलं, आणि जेवताना नव्या आतोबांना आग्रह करून वाढलं. त्यांच्या दोन्ही मुली आल्या होत्या. एकीनं आत्याबाईंच्या पाया पडताना काय म्हणू असं विचारलं, तर आत्याबाई म्हणाल्या, "बसमध्ये सगळे मॅडम म्हणायचे. तू आत्या म्हण." सोनकच्छच्या त्या बाईला ही हकिकत सांगितली, तर तिनं फक्त एवढंच विचारलं की कंडक्टरसाहेबांना स्वयंपाक येतो का. येतो. दाल-बाफले तर आत्याबाईंपेक्षा चांगले करतात.

मी मात्र अजून विचार करते की त्या दिवशी माझ्या टेबलावर काय झालं. मी सांगितलेला अर्थ चुकीचा होता, निदान उलटा तरी होता. प्रश्न मला ठाऊकच नव्हता. तरी उत्तर मिळालं. दुसरी एखादी गड्डी असती तर? फिक्या गड्डीतल्या त्या नावेत बाईला मानच नाही, नुसता रंगाचा ठिपका आहे. मग ती मान खाली घालून बसलीय हे आत्याबाईंना कुठून दिसलं असतं? त्या कुक्षीला गेल्या असत्या का? मी नंतर दोन्ही पत्ते शेजारी ठेवून बघितले. नक्की सांगता येत नाही. हल्ली नवी गड्डी घेताना मी आधी माणसांचे हात आणि माना बघते, कपडे नंतर.

गेल्या चैत्रात ती दोघं देवासला आली, टेकडीवर दर्शनाला. आत्याबाईंचे गुडघे दुखतात, म्हणून रोपवेच्या झुल्यात बसून वर गेली आणि उतरल्यावर माझ्याकडे आली. आत्याबाई आत जाऊन पडल्या. आतोबा दुकानात बसले. टेबलावरच्या गड्ड्या बघून त्यांनी हात मागे घेतला, आणि मग विचारलं, "बेटा, छू सकता हूँ?"

मी म्हटलं, घ्या, एक काढा. त्यांनी प्रश्न विचारला नाही, मीही मागितला नाही. त्यांनी किनार कापलेल्या गड्डीतूनच एक पत्ता ओढला. कड्यावरचा पोरगा निघाला, खांद्यावर काठी, काठीला गाठोडं, पायाशी पांढरं कुत्रं, नजर आभाळाकडे. मी पुस्तिकेतलं काही बोलले नाही. त्यांनी तो पत्ता बोटांत उभा धरला, एवढी वर्षं तिकीट धरलं असेल तसा, आणि पाठीमागची बाजूही बघितली.

"ये कहाँ जाएगा?" त्यांनी विचारलं.

"ठाऊक नाही," मी म्हटलं. "त्यालाही ठाऊक नाही बहुतेक."

"ऐसे बहुत चढ़ते थे," ते म्हणाले, आणि कुक्षीच्या बसमध्ये कुठलंच गाव न सांगता चढणाऱ्या माणसांच्या गोष्टी सांगायला लागले. मी मशीन थांबवली आणि ऐकत बसले.